आजचं वाढवू या

तीर्थस्वरूप तोकुजीदादास,
धाकट्या चिगुसाचा वाकून नमस्कार.

थंडी पडायला लागली. तुझे गुडघे काय म्हणतात? झोपताना पायमोजे घालतोस ना? सेंदाईला बर्फ आमच्याआधी येतं, तेव्हा अंगणातल्या नळाला आत्ताच चिंध्या गुंडाळून ठेव. (चिंध्या कुठे असतात हे तुला ठाऊक नसणार. न्हाणीघराच्या फळीवर, डाव्या हाताला. वहिनींनी सांगितलं.) मी ठणठणीत आहे. वहिनीही बऱ्या आहेत. शेवंतीचं प्रदर्शन बघायला चार दिवस म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. शेवंती सुकली, झाडावरची संत्री उतरली, तरी आहेत. 'हिसाए कधी येणार?' असं तू पत्रात विचारलं आहेस, त्याच्याकडे मी येतेच. पण त्याच पत्रात तू मला जो टोमणा मारला आहेस त्याचा समाचार आधी घेते, कारण तो मला झोंबला आहे. फोनवर तू 'हं' याच्यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून हे सगळं कागदावर.

तू लिहितोस की जन्मभर लग्नाच्या हॉलमध्ये माइक धरून उभी राहिलेली बाई आता कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थ म्हणून बसते, तिच्या शेजारी कोण तर दातांचा डॉक्टर, आणि लोक आपले मोडके संसार यांच्यापुढे मांडतात. कायद्याचं पुस्तक उघडलेलं एक तरी माणूस तिथे आहे का? आहे, दादा. जज्जसाहेब आहेत. ते आपल्या भाच्याच्या वयाचे आहेत, शेवटी येतात, सगळं कायद्याच्या भाषेत वाचून दाखवतात आणि जातात. तोवरचा सगळा चिखल आम्ही तुडवायचा. त्याला पुस्तक लागत नाही, चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस लागतो, आणि न्यायालय तसेच निवडतं. एका टेबलाशी एक बाई, एक पुरुष. नवरा एका खोलीत बसतो, बायको दुसऱ्या खोलीत. एकदा याला आत बोलवायचं, एकदा तिला, आणि याचं तिला नि तिचं याला पोचवायचं. समोरासमोर येऊ द्यायचं नाही. आता सांग, यात वकील काय करणार? त्याला निरोप जसाच्या तसा पोचवायची सवय कुठली?

आमच्या चहाच्या खोलीत एकदा येऊन बस म्हणजे तुला कळेल. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, त्यांच्यापुढे कुणी हंबरडा फोडला तरी ते चष्मा पुसून विचारतात, याला तारण काय? शाळेत कवायत शिकवलेल्या एक बाई आहेत. भांडणारा नवरा खुर्चीत पसरला की त्या आधी त्याला पाठ ताठ करायला लावतात, आणि खरं सांगते, पाठ ताठ झाली की निम्मा आरोप गळून पडतो. देवळातले एक भटजीबुवा आहेत. ते काहीच बोलत नाहीत. समोरचा माणूस त्या शांततेला घाबरून आपण होऊन सगळं ओकतो. (मेलेल्यांपुढे बसून जमलेली विद्या आहे ती.) आणि आमचे डॉक्टर. त्यांचं आडनाव इवाकिरी. त्या आडनावातल्या 'किरी'तच कापाकापी असल्यामुळे मी त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणते; का ते पुढे येईल. तर माणूस निवृत्त होतो, त्याचं तोंड काही होत नाही. तुझंच बघ. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात जन्मभर वडी अंगठ्याने दाबायची, नाकाशी न्यायची आणि 'पास' म्हणायचं. निवृत्त झालास तर कारखाना सुटेल असं वहिनींना वाटलं होतं. तू तो घरी घेऊन आलास. भात दाबून बघतोस, सूप हुंगतोस, आणि फार खूश झालास तर 'पास'. तुझ्याहून आम्ही बरे, आम्ही आपला धंदा निदान लोकांच्या उपयोगी लावला.

आता माझ्या धंद्याचं. लग्नाच्या हॉलमध्ये माइकवर काही शब्द उच्चारायचे नसतात हे तुला माहीत आहे. तुझ्याच लग्नात मामा 'आता भाषण संपवतो' म्हणाले तेव्हा आईने त्यांना चिमटा काढला होता. संपणं नाही, तुटणं नाही, परतणं नाही, वेगळं होणं तर नाहीच. 'हळूहळू', 'पुन्हापुन्हा' असे जोडीचे शब्दही नाहीत, का, तर लग्नही दुसऱ्यांदा व्हायला नको. केक कापायचा नाही, केकमध्ये सुरी घालायची. समारंभ संपवायचा नाही, दुकानदार दुकान वाढवतो तसा वाढवायचा. मी त्यात इतकी मुरले की घरात सुद्धा कांदा 'बारीक करते'. लिहिताना तेवढं अवघड जात नाही, हात कापत नाही. (बघ, लिहिलं.) पण तोंडातून काही ते निघत नाही. आणि जो सगळ्यात मोठा शब्द, ज्यासाठी लोक आमच्या दारी येतात, तो तर मी कागदावरही 'तो शब्द' असाच लिहिते. तू म्हणशील, मग तू तिथे करतेस काय? अरे, तीच तर माझी खुबी. कितीही कडू निरोप माझ्या तोंडून निघाला की गोड होतो. माझ्या टेबलाशी कधी आरडाओरडा झालेला नाही, आणि म्हणूनच माझी नेमणूक या वसंतात आणखी दोन वर्षांसाठी झाली.

एकच प्रकरण जरा घसरलं, तेही तुला सांगते, कारण त्यातही शेवटी बाजी मीच मारली. एक न्हावी आणि त्याची बायको. एकाच दुकानात दोन खुर्च्या, एकीवर तो, दुसरीवर ती. (ते न्हावी नव्हते. गुप्ततेची शपथ आहे म्हणून धंदा बदलला आहे. खरा सांगितला तर तू लगेच ओळखशील, तू एकदा त्यांच्याकडे गेला होतास.) बायको वर्षभर बहिणीकडे राहत होती. पहिल्या दिवशी ती आत आली, हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "मला यांच्यापासून वेगळं व्हायचं आहे. एवढंच सांगा त्यांना." ती बाहेर गेली, नवरा आत आला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गोड बोलायचं खातं माझं. मी म्हणाले, "तुमच्या पत्नींना आयुष्याच्या नव्या वाटेवर पाऊल टाकायचं आहे." त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाला, "टाकू या की. मी कुठे नाही म्हणतोय?" बैठकीची वेळ होत आली होती. मी सवयीने म्हणाले, "तर मग आजचं वाढवू या." तो उठला आणि कमरेत वाकून तीनदा आभार मानून गेला.

मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे. डॉक्टर जिभेने आपलीच दाढ चाचपत राहिले. (तो त्यांचा विचार करायचा मार्ग.) पुढच्या बैठकीपर्यंत त्या शहाण्याने दुकानाला रंग दिला आणि बायकोच्या खुर्चीला नवं कातडं घातलं. त्या बैठकीतही मी 'नवं पान उघडायचं म्हणतात', 'आपापल्या ताटव्यात फुलायचं म्हणतात' असं बोलले, आणि तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत गेला. तिसऱ्या वेळी तो न्यायालयात केक घेऊन आला. भलामोठा, पांढरा, वर साखरेच्या बगळ्यांची जोडी. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आज तिला इकडेच बोलवा. आजपासून वाढवायचं ना?"

दादा, तो केक बघून भटजीबुवांनीही मान खाली घातली असती. मी उठून पलीकडच्या खोलीत गेले आणि बायकोला केकचं सांगितलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांना काय सांगता आहात? मी वर्षभर सगळ्यांना सांगतेय. बहीण सांगते 'जरा विश्रांती हवी', सासूबाई सांगतात 'राग निवेल', आणि आता तुम्ही. मी जे बोलले ते, तसंच, एकदा कुणीतरी त्यांच्या कानावर घाला." मी मागे आले. तोंड उघडलं. तोंडात 'वे' एवढं अक्षर आलं आणि तिथेच अडकलं. नवरा माझ्याकडे टक लावून बघतोय, बगळे माझ्याकडे बघताहेत, आणि मला आठवतंय ते फक्त 'वधूवरांना शुभेच्छा'. तेव्हा डॉक्टर खुर्ची पुढे ओढून त्याला म्हणाले, "थोडं दुखेल. सांगू?" तो 'हो' म्हणाला. त्यांनी तिचं वाक्य सांगितलं. एकदाच, हळू, जसं तिने सांगितलं होतं तसं.

तो रडेल असं मला वाटलं. तो केककडे बघत म्हणाला, "वर्षभर सगळे माझ्याशी आजाऱ्याच्या घरच्यांशी बोलावं तसं बोलत होते. मला वाटायचं, ती आजारी आहे." मग त्याने विचारलं की यातला अर्धा तिला देता येईल का, तिला या दुकानाचा केक आवडतो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, लपवत नाही. मी कारकुनाकडून सुरी आणली, केकवर धरली आणि मोठ्याने म्हणाले, "कापते." डॉक्टरांनी दाढ चाचपायची थांबवली. मधोमध कापला, एक बगळा इकडे, एक तिकडे. दोघांनी दोन खोल्यांत बसून आपापला अर्धा खाल्ला आणि त्याच दिवशी सगळं ठरलं. दुकान त्याच्याकडे, तिने पुलापलीकडे नवं काढलं, गिऱ्हाइकांनी हवं तिथे जावं. जज्जसाहेब म्हणाले, इतका सुरळीत निकाल या वर्षात नाही. आता केक मी कापला की नाही? मग श्रेय कुणाचं? तेव्हा लग्नाच्या माइकवरून आलेली बाई काय करते हे परत विचारू नकोस. ('परत' लिहिलं, पाहिलंस? सुधारते आहे.)

थंडीला जप. सूप गरम करून घे, नुसतं हुंगून ठेवू नकोस. शेजारच्या आजींना माझा नमस्कार सांग.

तुझी धाकटी बहीण,
चिगुसा

ता. क. वहिनींचा जाड तपकिरी कोट जिन्याखालच्या कपाटात आहे, तो पोस्टाने पाठवायला सांगितला आहे. पाठवू नकोस. तो हातावर घे आणि स्वतः ये.

ता. क. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आतापर्यंतच्या पत्रांत मी तुला लिहिलं की वहिनींना इथली हवा मानवते, त्यांना मोकळं वाटतं, त्या रंगकामात रमल्या आहेत. दर वेळी तुझं उत्तर आलं, 'छान, राहू दे.' दादा, तो केक घेऊन आलेला माणूस तू आहेस. वहिनी ज्या दिवशी आल्या त्याच दिवशी, बॅग खाली ठेवायच्या आधी, त्यांनी मला एक निरोप दिला होता. तो असा: "तोकुजींना सांगा, मला घटस्फोट हवा आहे. त्यांनी कधी हात उचलला नाही, वाईट शब्द बोलले नाहीत, सगळं खरं. पण त्यांच्या घरी मी रोज तीन वेळा परीक्षा देते, आणि आता मला परीक्षेला बसायचं नाही." यातलं एक अक्षर मी बदललेलं नाही.

ता. क. वहिनींनी अर्ज भरून ठेवला आहे, अजून दिलेला नाही. तो तुझ्या गावच्या न्यायालयात जाईल, तिथे आमचे डॉक्टर नसतील. एखादा बँकेतला साहेब निघाला तर तारण विचारत बसेल. नाव न सांगता मी डॉक्टरांना सल्ला विचारला. त्यांनी एवढंच विचारलं, त्या बाई रडतात का? म्हटलं, न्हाणीघरात, नळ चालू ठेवून. ते म्हणाले, "मग मूळ जिवंत आहे. मेलेलं दुखत नाही. पण त्यांच्या यजमानांना म्हणावं, लवकर या, फार दिवस ठणकलं की माणूस स्वतःच येऊन सांगतो, उपटा." तेव्हा उद्याची सकाळची गाडी धर. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही आणि तुझा निरोपही मी नेणार नाही. न्यायालयात तुम्हाला दोन खोल्या मिळतील. माझ्या घरात शेगडी असलेली खोली एकच आहे, तुम्हाला दोघांना तिथेच बसावं लागेल.