हिरड्यांशिवायचा फोटो

३ जून
समाजाच्या गुणगौरवात माझा सत्कार. घराण्यातली पहिली पदवीधर. आमच्या गास गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागणार. भाषणाचा विषय ठरवला: 'जसे आहात तसे स्वतःला स्वीकारा'. लोकांना फार गरज आहे. उदाहरणार्थ चुलत बहीण हेमांगी. हसताना हिरड्या दिसतात म्हणून साखरपुड्याआधी लेसर करून आली. बारावी नापास, हिरड्या फर्स्ट क्लास.

४ जून
फ्लेक्ससाठी माझे फोटो बघितले. सगळ्यांत हिरड्या. दात नावापुरते. मोबाइलचा कॅमेरा भिकार आहे.

६ जून
डेंटिस्टकडे गेले. फक्त भाषणाच्या अभ्यासासाठी. ते म्हणाले, कुणाच्या हिरड्या दातांवर उतरलेल्या असतात, त्या लेसरने कापतात. कुणाचा वरचा जबडाच लांब, त्याला मोठं ऑपरेशन. माझा ओठ हसताना जास्त वर जातो. बोटॉक्सने आवरेल, पण काही महिन्यांत पुन्हा तेच. नाहीतर काहीच करू नका, हिरड्या छान निरोगी आहेत.
हे सांगायला डॉक्टर कशाला व्हायचं?

७ जून
बोटॉक्स म्हणजे ढोंग. मी इच्छाशक्तीने ओठ आवरणार. हसणं बंद.

९ जून
आईने विचारलं, पोट साफ होत नाही का. या घरात गांभीर्य कुणाला कळतच नाही.

११ जून
फोटो काढला. ओठ घट्ट, नजर दूरवर. ब्लॅक अँड व्हाइट करून घेतला, न जाणो कुठे गुलाबी डोकावलं तर. विचारवंत दिसते. बाबा म्हणाले, हसरा दे की. त्यांना फोटोतलं काय कळतं! फ्लेक्सवाल्या विकीला बजावलं: फोटो मोठा, मजकूर बारीक, साधेपणा हवा. त्याने आपल्या मनाने झेंडूची माळ टाकली.

१४ जून
फ्लेक्स लागला. लोक थांबून बघतात. दोघांनी तर हात जोडले. आमच्या भागात शिक्षणाबद्दल इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं.

१५ जून, सकाळी
रेजिना मावशी आल्या. पूर्वी आईसोबत बाजारात भाजी विकायला बसायच्या. नाक्यावर रिक्षातून फ्लेक्स दिसला म्हणे. आईच्या गळ्यात पडून रडल्या, "एवढी शिकली नि गेली गो पोर." चर्चमध्ये माझ्या आत्म्यासाठी येत्या रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाही सांगून आल्या होत्या.
मी बाहेर येऊन उभी राहिले. ओठ घट्ट, सवयीने. मावशींनी छातीवर क्रूस काढला.
आई म्हणाली, "हस गो एकदाची."
हसले. मावशी निरखून बघत म्हणाल्या, "हां, हीच ती." मग चहा घेतला.
बाबा विकीकडे दुसरा फोटो घेऊन गेलेत. निकालाच्या दिवशीचा. त्यात दात नावापुरते आहेत.