अठरा फूट, चार पंखे

३ मार्च, सोमवार

बोट आली. अठरा फूट, एक इंजिन, दीडशे हॉर्सपॉवर, रंग लाल. जुनी बत्तीस फुटी, दोन इंजिनांची बोट मागच्या महिन्यात विकली. लोकांना वाटतंय मी माघार घेतली. माघार नाही, प्रगती. मोठी बोट कोणीही चालवतं. छोट्या, वेगवान बोटीला कसलेला हात लागतो. मुलगी नोकरीच्या गावी, बायकोने चार वर्षांत बोटीत पाऊल टाकलेलं नाही, आणि बत्तीस फुटांत एकटा माणूस बसला की जरा विचित्र दिसतं. पण ते कारण नव्हे. नोंद असावी म्हणून लिहिलं.

बायको दारात येऊन ट्रेलरवरच्या बोटीकडे बघत राहिली. धुण्यात आटली का, असं विचारून आत गेली.

संकल्प: सहा आठवड्यांत बोट पूर्ण हातात.

९ मार्च, रविवार, सकाळी ७.१०

पहिली फेरी. जुन्या बोटीत एक इंजिन पुढे, एक मागे असं चालवलं की ती जागच्या जागी भिंगरीसारखी वळायची. वळताना सवयीने दुसऱ्या लिव्हरला हात घातला. दुसरी लिव्हर नाही. धक्क्याला हलकासा स्पर्श झाला. वॉचमन हातातला कप सांभाळत दोन पावलं मागे सरकला. धक्का त्या बाजूला जरा पुढे आलेला आहे. बोट क्लबला पत्र लिहिणार.

खाडीच्या मध्यावर पूर्ण स्पीड दिला. बोटीचं नाक वर, खाली, वर, खाली. भाषण ऐकताना डुलक्या घेणाऱ्या माणसासारखं. दात आपटले. लिव्हरवर इंजिन वर-खाली कलवायचं एक बटण आहे. अंगठा लागून ते सारखं दाबलं जात होतं, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. एक अडचण कमी.

परत आल्यावर मेकॅनिकबाईंना दाखवलं. धक्क्यालगतचं वर्कशॉप त्यांचं, वडिलांनंतर त्याच चालवतात. त्या मला काका म्हणतात. आमच्या वयात फार तर पंचवीस वर्षांचं अंतर असेल. त्यांनी बोटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, काका, मागे एवढं काय भरलंय? दोन नांगर, बर्फाची पेटी, लोखंडी टूलबॉक्स, चार फोल्डिंग खुर्च्या, शंभर मीटर दोर, शिडी. सगळं जुन्या बोटीतलं. बोट बदलली म्हणून माणसाने शिस्त बदलू नये. त्या म्हणाल्या, आधी ते काढा, मग उड्या थांबतात का बघू. पंखा ठीक आहे म्हणाल्या. प्रोपेलरला त्या पंखा म्हणतात.

म्हणजे प्रोपेलरमध्येच काहीतरी आहे. त्यांनी विषय टाळला यावरून कळलं.

१२ मार्च, बुधवार

तीन दिवस अभ्यास केला. प्रोपेलरच्या नंबराला पिच म्हणतात. एकवीसची पिच म्हणजे एका फेऱ्यात बोट एकवीस इंच पुढे जायला हवी. माझ्या बोटीला एकवीसचाच आहे, तीन पात्यांचा, ॲल्युमिनियमचा. शिकाऊ माणसांसाठी देत असावेत.

बायकोला समजावून सांगितलं. साबणाच्या वडीत स्क्रू फिरवून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि साबण परत मागितला.

हिशोब सोपा आहे. एकवीसऐवजी पंचवीस, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला चार इंच जास्त. स्टेनलेस स्टीलचा पंचवीस मागवला. मेकॅनिकबाईंना सांगितलं नाही. त्यांना धक्का बसेल, तो थेट पाण्यावरच बसू दे.

२१ मार्च, शुक्रवार

आला. आरशासारखा. जेवणाच्या टेबलावर ठेवला. जेवायच्या वेळी तो चपलांच्या स्टँडवर सापडला. कोणी हलवला हे विचारलं नाही. घरात शांतता असावी.

२२ मार्च, शनिवार, सकाळी ६.४५

पंचवीस लावून निघालो. लिव्हर टोकापर्यंत नेली. नाक वर गेलं आणि वरच राहिलं. समोर फक्त आकाश. आकाश स्वच्छ होतं. इंजिन कण्हत होतं, मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा एकेचाळीसशेच्या पुढे जाईना. वेगापेक्षा एक प्रकारचा भारदस्तपणा जाणवला.

क्लबच्या दोन मुली वल्ही मारत शेजारून पुढे गेल्या. जाताना गुड मॉर्निंग म्हणाल्या. संस्कार चांगले आहेत.

मेकॅनिकबाई धक्क्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, काका, या इंजिनाला साडेपाच ते सहा हजार फेरे लागतात. चौथ्या गिअरमध्ये घाट चढवताय तुम्ही. आणि ते मागचं सामान?

सामानाचं त्यांच्या डोक्यातून जातच नाही. काही लोक एकाच मुद्द्याला चिकटून बसतात.

२४ मार्च, सोमवार

मेव्हण्याचा फोन. वीस एप्रिलला क्लबची टायमिंगची फेरी आहे, धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत आणि परत. भावोजी, तुमचं नाव मी परस्पर देऊन टाकलंय, म्हणाला. त्याची चोवीस फुटी आहे आणि ती कशी पळते हे तो आल्यागेल्याला सांगतो. नियम असा की बोटीत दोन माणसं हवीत. तुमच्याबरोबर कोण, असं त्याने विचारलं. बरेच जण इच्छुक आहेत, निवड करायची आहे, असं सांगितलं.

निवड केली. एकही नाव सुचलं नाही.

बायकोकडे सहज विषय काढला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालायची थांबली नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला, दोन्ही बहिणींसकट, मला ओहोटीत साडेपाच तास वाळूच्या पट्ट्यावर बसवून ठेवलं होतंत, म्हणाली. तो पट्टा नकाशात वेगळ्या ठिकाणी होता. हे मी त्या वेळीही सांगितलं होतं. केक तिथेच कापला, सूर्यास्तही छान दिसला. पण माणसं एखाद्या गोष्टीची एकच बाजू लक्षात ठेवतात.

मी म्हटलं, ठीक आहे, गरज नाही.

संकल्प: तिला पुन्हा विचारणार नाही. तिनेच विचारावं अशी बोट करून दाखवायची.

३० मार्च, रविवार

पंचवीस जास्त पडतो हे मान्य. चूक दिशेची होती, विचारांची नव्हती. म्हणून सतराचा, चार पात्यांचा. सरावासाठी मेव्हणा सोबत बसायला तयार झाला. प्रतिस्पर्ध्याची बोट आतून बघायची हा हेतू. मी ओळखलं होतं, पण पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

लिव्हर ढकलली. सतराने काम दाखवलं. बोट बंदुकीतून सुटल्यासारखी निघाली. मेव्हणा सीटवरून बर्फाच्या पेटीवर आणि तिथून फोल्डिंग खुर्च्यांमध्ये गेला. काटा सहा हजारांच्या पलीकडे गेला आणि इंजिनाने स्वतःहून मान टाकली. फार फिरलं की जीव वाचवायला ते असं करतं, हे नंतर कळलं. मान टाकली, उचलली, पुन्हा टाकली. प्रत्येक वेळी मेव्हणा पुढे-मागे. तो काहीतरी ओरडत होता. बहुतेक वेगाचा आकडा विचारत होता.

धक्क्यावर उतरल्यावर तो रिक्षाने घरी गेला. स्वतःची गाडी क्लबमध्येच ठेवून.

घरी बायकोने आम्हां दोघांनाही लागलं का विचारलं. आधी फोनवर त्याला.

२ एप्रिल, बुधवार

इंटरनेटवर एक तज्ज्ञ भेटला. टोपणनाव समुद्रचित्ता. माझं सगळं वाचून त्याने लगेच सांगितलं, तेवीस, चार पाती. कोणालाही न विचारता असा ठाम बोलणारा माणूस आजकाल मिळत नाही. तुमची बोट किती फुटी, असं मी विचारलं. सध्या बोट घ्यायचा विचार चालू आहे, असं त्याचं उत्तर आलं. म्हणजे निःपक्षपाती.

तेवीस मागवला.

५ एप्रिल, शनिवार, दुपारी ४

सविस्तर लिहितो, कारण या घटनेची लोक उलटसुलट चर्चा करतील.

तेवीस मी स्वतः बसवला. उथळ पाण्यात, मांडीपर्यंत उभं राहून. नट घट्ट केला. नट सुटू नये म्हणून एक छोटी पिन घालतात. ती पाण्यात पडली. चष्मा घरी राहिला होता, सापडली नाही. एवढीशी पिन. नट चांगला घट्ट होता.

अकरा मिनिटं प्रयोग उत्तम चालला. मग बोयाजवळ थांबायला म्हणून रिव्हर्स टाकला. इंजिन एकदम मोकळं, हलकं चालायला लागलं. बोट मात्र जागची हलेना. तेवीस खाडीच्या तळाशी गेला होता. प्रयोगाचे निष्कर्ष अपूर्ण.

भरतीचं पाणी आत ओढायला लागलं म्हणून नांगर टाकला. जुन्या बोटीचा, मोठा. टाकताना काही झालं नाही. पाऊण तासाने मदत येताना दिसली म्हणून तो उपसायला गेलो, तेव्हा कमरेत कट् असा आवाज झाला. तसाच वाकलेला राहिलो.

मदत म्हणजे मेकॅनिकबाईंची कामाची बोट. आणि तिच्यात पुढे, जॅकेट घालून, बायको. माझा विसरलेला चष्मा द्यायला धक्क्यावर आली होती. वॉचमनने हात केला तिकडे तिला मी दिसलो, तशी ती सरळ मेकॅनिकबाईंच्या बोटीत चढली. चार वर्षांनी.

मला वाटलं आता बोलेल. तिने नांगर एकटीने वर घेतला, दोर बांधला आणि मला चष्मा दिला. चष्मा लावल्यावर तिचा चेहरा नीट दिसला. घाबरलेली होती. हे लिहायचं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

अंथरुणात. डॉक्टर म्हणतात महिनाभर बोट चालवायची नाही, धक्का बसेल असं काही करायचं नाही. शांत बसून गेलं तर हरकत नाही. वीस तारखेची फेरी मी रद्द करणार होतो, पण बायकोने विचारलं, त्या बोटीचा मूळ पंखा कुठे आहे? एकवीसचा. म्हटलं, जिन्याखाली, का? काही नाही, म्हणाली.

तीसुद्धा पंखा म्हणायला लागली आहे.

दुपारी तिचा फोन वाजला. मेकॅनिकबाई. बायकोने दार लोटून घेतलं. चौदा मिनिटं बोलत होत्या. दोनदा हसण्याचा आवाज आला.

१३ एप्रिल, रविवार, सकाळी ८

देखरेखीसाठी धक्क्यावर गेलो. मला प्लॅस्टिकची खुर्ची देण्यात आली.

दोघींनी बोटीतलं सामान काढलं. नांगर, पेटी, टूलबॉक्स, खुर्च्या, शिडी, दोर. वॉचमनने वर्कशॉपमधल्या काट्यावर एकेक वस्तू चढवली. एकूण चौऱ्याण्णव किलो. मेकॅनिकबाई म्हणाल्या, काका, एक अख्खा माणूस मागे बसवून फिरत होतात. मग बारकासा नांगर आणि वीस मीटर दोर तेवढा पुढच्या कप्प्यात ठेवला. एकवीस बसवला, पिनसकट.

लिव्हरवरची चिकटपट्टी बायकोच्या नखाने निघाली. ही कशाला लावलीत, असं मेकॅनिकबाईंनी मला विचारलं. मी समोर पक्षी बघत होतो. त्या तिला सांगत होत्या, निघताना इंजिन पूर्ण आत कलवून घ्या, बोट वेग धरून पाण्यावर आली की बटणाने हळूहळू बाहेर, नाक डुलायला लागलं की थोडं परत आत. ट्रेलरवरून उतरल्यापासून इंजिन अर्धवट बाहेरच कललेलं होतं म्हणे.

बायको चालवायला बसली. माझ्या अंदाजाने धक्का सोडायलाच तिला वीस मिनिटं लागणार होती, म्हणून स्टॉपवॉच आणलं होतं. बोट निघाली, वळली, सपाट झाली आणि गेली. डुलकी नाही, उडी नाही. इस्त्री फिरवावी तशी. सत्तावन्नशे फेरे, असं नंतर मेकॅनिकबाईंनी सांगितलं.

स्टॉपवॉच दाबायचं राहिलं.

वारा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

परत आल्यावर बायको बोटीतून उतरेना. हात तसाच स्टिअरिंगवर. अजून एक फेरी मारून येते, म्हणाली. मारून आली. मग आणखी एक.

१९ एप्रिल, शनिवार

क्लबला कळवलं: चालक बदल. दुसरा माणूस मी. कुठे बसल्यावर बोट तोल धरते हे बघायला मेकॅनिकबाईंनी मला पाच ठिकाणी बसवून पाहिलं. शेवटी पुढे डावीकडे. तिथे पिवळी टेप लावली आहे. हलायचं नाही, अशी सूचना. तांत्रिकदृष्ट्या ही महत्त्वाची जागा आहे.

पंख्याबद्दल शेवटचा सल्ला विचारशील तर बावीस बघावा, असं मी बायकोला सांगितलं. तिने विचारलेलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार, दुपारी १.३०

अकरा बोटींत तिसरे आलो. मेव्हणा पाचवा. त्याने येऊन बहिणीशी हात मिळवला, मला म्हणाला, भावोजी, कंबर कशी आहे?

बोयाच्या वळणावर मी जरासा हललो. बायकोने मान न वळवता, टेप, एवढंच म्हटलं. मी परत टेपवर आलो. वळण तिने सुरेख घेतलं. पाण्याचे तुषार अंगावर आले. ती हसत होती. मी जुन्या बोटीत तिला इतकी वर्षं फिरवलं, पण असं हसताना बघितल्याचं आठवत नाही. तेव्हा मी पुढे बघून चालवत असायचो, म्हणून असेल.

बक्षीस समारंभानंतर ती म्हणाली, पुढच्या रविवारी मेकॅनिकबाई आणि ती पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येणार आहेत. दोघींचं वजन बोटीला अगदी बरोबर बसतं म्हणे. मी सहज म्हटलं, टेपवरची जागा मोकळीच असेल ना?

त्यांना विचारून सांगते, म्हणाली.

सायंकाळी ५.१०

अजून विचारलेलं दिसत नाही.