आईची बांगडी

प्रिय बारक्या,

एवढा मोठा साहेब झालास, तरी माझ्या तोंडी बारक्याच येणार, त्याला इलाज नाही. इकडे संत्र्यांची तोडणी सुरू झाली आहे. आई शेडच्या दारात जुन्या स्टुलावर बसून फळं निवडते. गुडघे दुखतात, पण ऐकेल तर शपथ. हातात तीच चांदीची बांगडी.

आठवतं का रे? बांगडीतून खाली पडलं ते फळ आपलं, अडकलं ते बोटीने परदेशी जाणार. आणि तू लबाड, चांगलं टपोरं फळ अंगठ्याने दाबून दाबून खाली पाडायचास आणि वर साळसूदपणे सांगायचास, आपोआप पडलं म्हणून. रस कोपरापर्यंत ओघळलेला! दोन काचेच्या बांगड्या फोडल्यास, तेव्हा आईने हातातली चांदीची काढली. बाबा चिडायचे, ती तोंड फिरवून हसायची. ते दिवस फार आठवतात बघ. त्या अडकलेल्या फळांवरच तुझं कॉलेज झालं आणि माझं लग्नही.

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्याने तुमच्या खात्याचा कागद आणून दिला. सात सेंटीमीटरपेक्षा लहान संत्रं यापुढे बाहेर पाठवायचं नाही. मी पट्टी घेऊन बांगडी मोजली. सहा भरली. आपल्या जुन्या झाडांचं फळ त्याहून फारसं मोठं होतच नाही, तुला काय सांगायचं. व्यापारी म्हणतो, रसवाल्याला पोत्याने देऊन टाका, नाहीतर झाडं काढून नवी जात लावा. तिला फळ धरायला पाच वर्षं. शेवटी तुझ्या दाजींनी झाडं तोडणाऱ्याला सोमवारी बोलावलंय.

खोटं कशाला बोलू, राग आला होता. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग वाटलं, तुझ्याही वर कोणीतरी असेलच.

पण आईचं काय करू? कागदाखाली तुझी सही आहे, एवढंच तिला कळलंय. तिने तो शेडच्या भिंतीवर चिकटवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. वाचता तर येत नाही. रोज मला म्हणते, "वाच गं, काय लिहिलंय माझ्या लेकाने?" मी रोज फक्त तुझं नाव वाचते. ती खूश होते आणि बांगडीत अडकलेली फळं बोटीच्या पेटीत रचत राहते. रविवारी ये. वरचं तू वाचून दाखव, माझ्याच्याने होत नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई