बाई, जमीन हालंल

पुनर्वसन वसाहत, ता. औसा
१९ नोव्हेंबर १९९५, रविवार

प्रिय दादा,

तुला आणि देविकावहिनीला नमस्कार. गंधारला गोड पापा. पाचवीत गेला असेल, त्याला आता ते आवडायचं नाही. मग पाठीवर एक थाप दे. मी खुशाल आहे. इकडे ज्वारी गुडघ्याला लागलीय आणि सकाळी चांगलीच थंडी पडते.

तुझी सहाही पत्रं मिळाली. टपालवाल्याला दोष देऊ नकोस. उत्तर मीच दिलं नाही. दोन राखीपौर्णिमा आणि तीन भाऊबीजा तशाच गेल्या, हे मला ठाऊक आहे.

शेवटच्या पत्रात तू लिहिलंस की क्लासचे आता दोन हॉल झाले, नांदेड-अर्धापूरकडची मुलंसुद्धा खोल्या घेऊन लातुरात राहायला लागलीत, आणि चौथीच्या शिष्यवृत्तीची बॅच मी घ्यावी. त्याचं उत्तर आधी देते. मी येणार नाही. हे रागाने लिहीत नाही, दादा. इथे माझं काम चांगलं जमलंय आणि ते मला सोडवत नाही.

कुठलं काम, ते ऐकून तू हसशील. मी खेळाचा तास घेते. शाळेत असताना कवायत चुकवायला पोटात दुखतंय म्हणणारी मी! आता गळ्यात शिट्टी घालून मैदानात उभी असते. घसा बसलेला, पायाला माती, आणि आवाज पार वेशीपर्यंत जातो.

पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या दुसरीत सव्वीस मुलं होती. भूकंपाआधी एकेचाळीस होती. ही सव्वीस मुलं पळायची नाहीत. मैदानात सोडली की कडेला उकिडवी बसून राहायची. रईसा नावाची मुलगी आहे, रजया भरणाऱ्या जिलानीचाचांची नात. ती टाच टेकवायचीच नाही, चवड्यांवर चालायची. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, जोरात पाय ठिवला तर खालचं जागं होतंय."

वाऱ्याने पत्रा वाजला की अख्खा वर्ग दाराबाहेर. अशा मुलांना पाढे काय शिकवायचे? मी महिनाभर त्यांना नुसतं चालवलं. मग हात धरून गोल फिरवलं. मग एक दिवस सगळ्यांना फेर धरून उभं केलं आणि म्हटलं, आता एकदम उडी मारायची.

कुणी हललं नाही. रईसा म्हणाली, "बाई, जमीन हालंल."

"हालू दे की. आज आपण हालवू तिला. आपल्याला वाटलं की हालवायची, आपल्याला वाटलं की थांबवायची."

मी एक-दोन-तीन म्हटलं आणि एकटीनेच उडी मारली. पोरं बघत राहिली. दुसऱ्यांदा चार-पाच जणांनी मारली. तिसऱ्यांदा सव्वीसच्या सव्वीस! दादा, असा दणका बसला की शेजारच्या शेडमधून आमचे हेडमास्तर शेषेराव सर एका पायात चप्पल घालून ओरडत बाहेर धावत आले. "भाईर पळा, भाईर पळा!" आम्ही बाहेरच होतो. पोरं त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली, ती थांबेनात. रईसा तर मातीत लोळत होती. सर आधी संतापले, मग तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "आणिक एकदा मारा बरं. बघू द्या मला."

त्या दिवसापासून आम्ही मागे वळून पाहिलं नाही. लंगडी, लगोरी, लेझीम, खो-खो. पत्र्याखाली मुलं शांत बसायला लागली. भूक लागायला लागली, खिचडी दुसऱ्यांदा मागायला लागली. या जूनमध्ये पालक सरांकडे गेले, की खेळाचा तास बंद करा आणि शिष्यवृत्तीचा वर्ग लावा, लातूरला बघा कसं चाललंय. (तुमच्या लातूरची हवा इथवर आलीय.) मी म्हटलं, "सर, शिष्यवृत्तीचा वर्ग मी शाळेआधी घेते. पण खेळाच्या तासाला हात लावू नका." सर म्हणाले, "मी कशाला लावतो? माझी चप्पल अजून ध्यानात हाय."

आता एवढं सगळं लिहूनही मी तुला खरं ते सांगितलेलं नाही.

हा खेळाचा तास माझा नव्हता. तो पार्वतम्माबाईंचा होता. शाळेत शिक्षिका आम्ही दोघीच. त्या उदगीरकडच्या, मला नेहमी 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेचा सराव होता आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना मैदानात घ्यायला दोघींपैकी एकीने गावात राहायचं होतं. पाळी माझी होती. त्या माहेरी जायला निघाल्या होत्या, पिशवीसुद्धा भरलेली होती. पण तुझा निरोप आला, 'विसर्जनाला आलीच पाहिजेस'. मी त्यांना विचारलं. त्यांनी लगेच पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जा गं तंगी, भाऊ बोलावतोय. मी राहते."

पहाटे चार वाजता आपण सगळे लातूरच्या रस्त्यावर उभे होतो, आठवतं? एवढ्या मोठ्या गंधारला तू कडेवर घेतलं होतंस. त्याच वेळी इकडे पार्वतम्माबाई माळवदाच्या दगडमातीखाली गेल्या.

आणि महिन्याभराने तू सत्यनारायण घातलास. आलेल्या प्रत्येकाला सांगत होतास, "मी बोलावलं म्हणून आमची मिनी वाचली." तू आनंदानेच सांगत होतास. मला प्रत्येक वेळी ऐकू यायचं, की तू बोलावलंस म्हणून बाई गेल्या. म्हणून मी प्रसाद न घेता उठून स्टँडवर गेले. वहिनी दारापर्यंत मागे आल्या होत्या, त्यांनाही काही बोलले नाही. तुला कारण सांगितलं असतं तर मला स्वतःच्या तोंडून ते म्हणावं लागलं असतं. ते जमलं नाही. तुझ्यावर रुसणं सोपं होतं.

बाईंचे यजमान मलप्पा त्या रात्री शेतात झोपायला गेले होते म्हणून वाचले. दोन वर्षं ते समोरून आले की मी गल्ली बदलायची. परवा आमच्या मुली औशाला तालुक्याची खो-खो जिंकल्या. होय, जिंकल्या! रईसाने शेवटच्या डावात तिघींना बाद केलं, त्यातली एक तर खांबाला झेप टाकून. गावात आलो तेव्हा मलप्पा मैदानाच्या कडेला उभे होते. मी मुलींना पुढे पाठवलं, त्यांच्यासमोर गेले आणि सांगून टाकलं, "अण्णा, त्या दिवशी पाळी माझी होती."

ते म्हणाले, "मला ठाव हाय की. सांजच्याला जेवताना तिनंच सांगितलं. तंगीला भावाकडं धाडलं म्हणून लई खुशीत होती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यासाठी तुम्ही दोन साल माझ्याम्होरं येत नव्हता व्हय? मला वाटलं, मी एकला ऱ्हायलो म्हणून टाळताय."

मी तिथेच उभी राहून रडले, पोरींच्या देखत. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "जिल्ह्याची स्पर्धा कुठं हाय?" म्हटलं, लातूरला. "मग म्या बी येतो."

म्हणून हे पत्र. ९ डिसेंबरला, शनिवारी दुपारच्या एस.टी.ने आम्ही येतोय. बारा मुली, मी, शेषेराव सर आणि मलप्पा अण्णा. उतरण्याची सोय तुझ्याकडे कर. मी विनंती करत नाही, हक्काने सांगतेय. जेवण साधं चालेल, पण भरपूर लागेल. या मुली आता खूप जेवतात. झोपायला हॉल देऊ नकोस. पाच-सहा जणी अजून स्लॅबखाली झोपत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. आम्हाला गच्ची दे. जिलानीचाचांनी सगळ्यांसाठी नव्या रजया भरून दिल्यात, थंडीचं बघून घेऊ.

रविवारी सकाळी सामना आहे. क्लासला त्या दिवशी सुट्टी दे आणि तुझी मुलंही मैदानावर घेऊन ये. बाकांवरून उठून त्यांनी जरा ओरडावं. गंधारलाही आण, रईसा त्याला पळायला लावेल.

वहिनींना सांग, त्या दिवशीचा प्रसाद राहिलाय, शिरा करून ठेवा.

तू बोलावलंस म्हणून आज हे पत्र लिहू शकणारी,
तुझी
मिनी