पलंगाखालचं कोहळं

अहो,

पातूरचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं का? लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासूबाईंनी माझ्यापुढे एक कोहळं ठेवलं, नारळाएवढं, गर्द हिरवं, पिवळ्या पट्ट्यांचं, आणि त्या परसात गेल्या. मी विळी ओढली, कोहळं दोन्ही हातांत धरलं, तोच मागून आरोळी आली, "अवं माय! थांब वं थांब! बाईमाणसानं अख्खं कोहळं फोडू नाई. घरचा थोरला पोरगा असते थो!" माझ्या हातून ते सुटलं आणि घरंगळत चुलीपर्यंत गेलं. तुम्ही आंघोळ करून आलात, केसांतून पाणी गळत होतं. कोहळ्यावर सुरी टेकवलीत, जराशी दाबलीत आणि निघून गेलात. एवढंच! बाकी सगळं कोहळं मी कापलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "कानवेंटवालीले हे नाई शिकवलं वाट्टे."

नव्हतंच शिकवलं. पत्र लिहायला मात्र शिकवलं होतं. सिस्टर म्हणायच्या, आधी नाव लिहा, मग लगेच कारण. नाव तर मी तुमचं कधी घेतलं नाही, आता काय घेऊ! कारण सांगते. आज सकाळी पलंगाखालच्या कोहळ्यात माझं बोट रुतलं.

तेच हो, तुम्ही बियाण्यासाठी वेगळं काढलेलं. शेवटचं.

निवृत्त झाल्यावर पातूरहून सासूबाईंचं बी आणून तुम्ही इथे अमरावतीत, मागच्या अंगणात, हा नवा संसार मांडलात. गणपती उठले की बी लावायचं, टोक खाली करून, शेणखताच्या आळ्यात. कोवळ्या पानांवर लाल भुंगे दिसले की दव असतानाच राख उधळायची. आणि सकाळची ती तुमची लग्नं! अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात पाकळ्या काढलेलं नरफूल, ते मादीफुलाला लावायचं. "आज दोन लगनं हायेत, चहा मंग." मी विचारायची, मधमाश्या काय संपावर गेल्यात? "त्या येतेत वं, पण त्याइच्या मुहूर्ताचा भरोसा नाई."

माघात तुम्ही गेलात. कोहळी नुकतीच उतरवली होती, देठ ठेवून, उन्हात वाळवून, माळ्यावर ओळीने. तेरवीच्या दिवशी स्वयंपाकाच्या बायकांनी सगळी खाली काढली. तेरवी म्हटली की कोहळ्याची भाजी आलीच, मला कोण विचारणार? मी बाहेर आले तोवर भाजी शिजत होती आणि बिया सालांसकट गाईपुढे पडल्या होत्या. पंगतीत लोक म्हणत होते, भाजी काय गोड झालीय! मला ओरडावंसं वाटलं. अहो, तुमच्या आईच्या परसातलं बी होतं ते! पातूरला आता परस नाही, वेल नाही. चार बिया डब्यात का नाही ठेवल्यात? "फळातच बी सुखरूप राहते" म्हणे! राहिलं सुखरूप? हे एक पलंगाखाली, चुंबळीवर, कोणाच्या नजरेस पडलं नाही म्हणून वाचलं.

फाल्गुनात मी बाजारातून पाकिटातलं बी आणून लावलं. पाकिटावर चित्र अगदी आपल्यासारख्या लहान कोहळ्यांचं. वेल गच्चीपर्यंत पोचला. मी आपली नाश्तापाणी उरकून नरफूल घेऊन जायची, तोवर फुलं मिटलेली असायची. मादीफुलांमागची बोराएवढी कोहळी पिवळी पडून गळायची. एकच धरलं. ते घागरीएवढं झालं आणि चवीला नुसतं पाणी! लग्न उजाडतानाच लावायचं असतं, हे एवढ्या वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं? तुमचं सगळं शास्त्र तुमच्या टॉवेलाबरोबर गेलं.

मग पलंगाखालचं कोहळं वेळेवर का नाही फोडलंस, असं विचाराल. फोडणार कोण?

अकोल्याहून तुमच्या बहीण मालूताई दर फोनला बजावत होत्या, "सुमन, तू सुरी लावू नोको बरं. एकुलता एक पोरगा हाये तुले. मंगेश आला का त्याच्या हातानंच फोडजो." मंगेश होळीला येणार होता. नाही आला. उन्हाळ्यात मुलांचे क्लास होते. मागच्या आठवड्यात मी जरा जोर केला तर म्हणतो, "आई, एका भोपळ्यासाठी मी पुण्याहून येऊ?" भोपळा! तुमचा मुलगा कोहळ्याला पुणेकरांसारखं भोपळा म्हणायला लागलाय, ऐकताय ना? शेजारचे भाऊसाहेब "सांगजा मले, येतो" म्हणाले होते. ते परतवाड्याला लेकीकडे गेले ते तिकडचेच झाले.

आणि मी? मी असल्या गोष्टी मानत नाही. कधीच मानल्या नाहीत. तरी मी चैत्रात सुरी हातात घेतली आणि मंगेशची गाडी डोळ्यांपुढे आली. रोज हायवेवरून जातो तो. सुरी परत फळीवर ठेवली. मग वैशाखातही तेच. विश्वास नाही आणि भीती मात्र आहे, हे कसलं शिक्षण! ही भीती माझ्यात आली कुठून? तुमच्याकडून! दरवेळी हसत हसत सुरी टेकवायला यायचात. सासूबाई होत्या तोवर ठीक. त्या गेल्यावरही ते नाटक कशाला चालू ठेवलंत? एकदा म्हणायचं होतं, "काप वं तू, काही होत नाई." एवढं एक वाक्य! सगळ्या जगाशी भांडणारे तुम्ही, कोहळ्यापुढे का गप्प बसलात?

आज बोट रुतलं तेव्हा आधी मंगेशला फोन लावला. त्याने कापला. मीटिंग. मग आपली शोभा झाडत होती, तिच्याकडे पाहिलं. ती झाडू घेऊन दोन पावलं मागेच सरकली. "माह्याकडे नोका पाहू काकू. मलेबी पोट्टे हायेत."

"मग सडू द्यायचं का?"

"मी कुठं म्हनते सडू द्या? तुमचं कोहळं, तुमची सुरी."

तुमचीच सुरी घेतली, ती काळ्या मुठीची. पाटावर बसले. कोहळं गुडघ्याशी धरलं, खालून मऊ, वरून अजून दगडासारखं. सुरी टेकवली आणि थांबले. कशासाठी थांबले, कळलंच नाही. मग लक्षात आलं, कोणीतरी येऊन दाबेल म्हणून थांबलेय. इतक्या वर्षांची सवय! स्वयंपाकघरात कोणी आलं नाही. शोभा दारात पदर तोंडाला लावून उभी.

मीच दाबली.

अर्धं सडलं होतं. त्या बाजूच्या बिया काळ्या, बुळबुळीत, वास येत होता. एवढे महिने वाट पाहून मी काय राखलं? इतका राग आला, तुमचा, मंगेशचा, मालूताईंचा, माझा स्वतःचा! पण उरलेला अर्धा केशरी होता, घट्ट. आणि अहो, त्यातल्या काही बियांना आतल्या आतच कोंब फुटले होते! अंधारात, पलंगाखाली, कोणाला न विचारता. पांढरे, वाकडे, दोऱ्यासारखे.

हात धुवायच्या आधी मंगेशला फोन लावला. या वेळी उचलला. "काय झालं, आई? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. तू जेवलास का?"

"साडेदहा वाजलेत गं! आत्ता कुठलं जेवण?"

आवाज ठणठणीत होता. फोन ठेवला आणि मग रडले. शोभाने चहा केला, साखर जास्त घालून.

कोंब आलेल्या बिया आजच आळ्यात लावल्या. गणपती उठायची वाट त्यांनी नाही पाहिली, मी कशाला पाहू?

आता वाटणी ऐका, आणि मधे बोलू नका. चांगला गर शोभाचा. आखाड आहे, तिच्या पोट्ट्यांना बोंडं तळून घालू दे. गूळ आपल्याकडचा. बाकीच्या बिया धुऊन परातीत सुकायला घातल्यात. त्यातली एक पुडी मालूताईंना अकोल्याला जाईल, पण कोहळं सुमननं स्वतः फोडलं हे सांगूनच. नको असेल तर त्यांनी परत पाठवावी, मला चालेल. एक पुडी भाऊसाहेबांच्या दारात, ते येतील तेव्हा येतील. मंगेशचा वाटा डब्यात, राखेत. कुरिअर करणार नाही. त्याने येऊन न्यावा आणि नेताना कोहळं म्हणावं. सडलेला भाग तुमचा. रागावू नका, आळ्याच्या तळाशी पुरलाय, तुम्ही उभे राहायचात तिथेच.

आणि ती काळ्या मुठीची सुरी सुनेची. देताना तिला सांगणार आहे, ही टेकवायला कोणाची वाट पाहू नकोस.

शब्द देते, या खेपेला एकही लग्न चुकणार नाही. उजाडताच अंगणात असेन. चहा मंग.

तुमची,
कानवेंटवाली