कस्तुराच्या खाटेशेजारचा नेचा

लोणावळे, ३ ऑगस्ट १९३४
क्रोटन फेकून दिला. उरलेली पानंही पिवळी पडली होती. हिची खाट खिडकीशी, पण बाहेर दिवसभर धुकं. अशा खोलीत रंगीत पानांचं झाड जगत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. नेचाच पाहिजे.
"झालं फेकून? आता माजी पाळी," ही म्हणाली. खोकत खोकत हसली. असली थट्टा मला आवडत नाही.

५ ऑगस्ट
वलवणच्या धरणाखालच्या ओहोळातून नेचा आणला — मुळांची माती न झाडता. कुंडीच्या तळाला आमच्या इंजिन-शेडातले जळक्या कोळशाचे खडे, वर कुजल्या पानांची माती. पाणी मुळाशीच. पानांना नुसता ओला फडका. हे काम दुसऱ्या कुणाला सांगत नाही. दुसऱ्याचा हात लागला की कुंडीचं डबकं.
नेचा पाहून ही उठून बसली. किती दिवसांनी!
"आमच्या सुदुंबऱ्याच्या हिरीत अस्साच हाय. पायऱ्यांच्या फटीतनं. पानी भरताना हाताला लागायचा."

८ ऑगस्ट
दिवेलागणीला कुंडी ओसरीत, सकाळी पुन्हा आत. झाडं अंधारात माणसासारखाच श्वास घेतात, हवा बिघडवतात. इंग्रजी पुस्तकात स्पष्ट दिलं आहे. शब्दन् शब्द कोशात पाहून वाचलं आहे मी. हिच्या छातीला आधीच हवा पुरत नाही.
"अवो, दिसा मला झोपच असती. जागी ऱ्हाते रातच्याला. तवा नको का हिरवं दिसाया?"
कारण समजावलं.
"मग तुमी बी वसरीत निजा. नेच्यापरीस मोठा श्वास घेताय. वरनं घोरताय!"

१९ ऑगस्ट
डॉक्टर आले. हिनं त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. ते हसले — "अंबाजीराव, एवढ्याशा नेच्यानं काय होतंय? राहू द्या आत." शाळा सोडलेल्या माणसाशी बोलावं तसं. पुस्तकातली ओळ दाखवली, तर घड्याळ पाहू लागले.
दारात मात्र हळूच म्हणाले, "आता त्यांना हवं ते द्या."
म्हणजे काय? जे हिताचं तेच देणार.
संध्याकाळी कुंडी बाहेर.

२ सप्टेंबर
नवं पान उलगडतं आहे. टोक अजून वळलेलं. हिनं बोट लावून पाहिलं.
शेजारच्या धोंडाबाई पेज घेऊन आल्या होत्या. मी कुंडी उचलली तशा म्हणाल्या, "भाऊ, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या की."
नेली.
हिनं तोंड भिंतीकडे केलं. हट्ट सोडला म्हणायचा.

७ सप्टेंबर
खाट काढली. तिच्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला आहे, वात दक्षिणेला. धोंडाबाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, सांज झाली. कुंडी न्यायची ऱ्हायलीय."
राहू दे म्हणालो. दिव्याजवळ सरकवली.