फेब्रुवारीतली खंडेनवमी

गुरु. ६ फेब्रु.
दुपारी प्राजूचा फोन, ऑफिसातून. "बाबा, शनि-रवि पूर्ण सुट्टी. सिनेमे आणि गेम. बाकी काही म्हणजे काही नाही." सहा आठवडे हेच ऐकतो आहे. आठवडाभर ठाण्याला मैत्रिणींबरोबर राहते, शुक्रवारी डोंबिवलीला येते, आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मधोमध, ताट कडेला.
गेल्या महिन्यात नौपाड्यात ऑफिसच्या खालीच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, औषध नंतर, आधी दोन दिवस सलग आराम. तिचा साहेब म्हणाला "टेक केअर", आणि संध्याकाळी मीटिंग लावली. त्या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही. पाहिलं तर...
साबुदाणा, बटाटे आणले.

शुक्र. ७
साडेसातला आली. डोळे खोल. चपला न काढताच सोफ्यावर. "सोमवारपासून दोन आठवडे मरायचंय, बाबा." मरायचंय! ही असती तर पोरीच्या तोंडावर हात ठेवला असता. सात वर्षं झाली हिला जाऊन, पण असल्या वेळी अजून स्वयंपाकघराकडे बघतो.
चहानंतर जरा खुलली. आमचा होडीचा गेम. दोन माणसं, प्रत्येकाकडे एक वल्हं. एकट्यानेच मारलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. दिवाळीत अर्धी नदी झाली, तेव्हापासून होडी तिथेच. तिसरीत गुरुजींनी टेबलावर पट्टी आपटत एक नदीची कविता पाठ करून घेतली होती. तिच्या चालीवर वल्हं मारलं की होडी सरळ जाते, हा माझा शोध. प्राजू आधी हसली, मग तिनेही शब्दांसकट चाल उचलली. उद्या पलीकडचा घाट गाठायचा. मग दोन सिनेमे. खिचडी.

शनि. ८, सकाळ
साडेआठला तिचा फोन वाजला. ती अंघोळीला. पडद्यावर साहेबाचं नाव. नाही उचलला. पुन्हा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा डोकंच फिरलं.
आमचे वडील, दादा, कल्याणला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ. मग दुसऱ्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत चाक फिरायचं नाही. खुद्द मालक आला तरी नमस्कार करून परत जायचा. कामगाराला एक दिवस द्यायला देवालाच मध्ये पडावं लागे. घरातही तोच नियम. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या सकाळपर्यंत हात नाही. चौथीत प्राजूने मुद्दाम गणिताचं पुस्तक पाटावर ठेवलं होतं आणि दिवसभर हुंदडली होती. लबाड.
म्हटलं, आपली खंडेनवमी आज. फेब्रुवारी तर फेब्रुवारी. तिच्या खोलीतून काळा लॅपटॉप उचलला, देवापुढे पाटावर ठेवला. झाकणावर हळदकुंकू, अक्षता, जास्वंद. घंटा वाजवली, जरा जोरातच. ऐकू दे त्या साहेबाला.

शनि., दुपार
मी मूर्ख आहे. ठळक अक्षरात मूर्ख.
काळे लॅपटॉप दोन. ऑफिसचा बॅगेत होता. पाटावर बसवला तो तिचा स्वतःचा. होडी त्यातच, सिनेमेही त्यातच.
ओल्या केसांनी येऊन बघत राहिली. आधी खूप हसली. "अहो बाबा, हा गेमचा आहे!" तेवढ्यात फोन. घेतला. "येस सर, येते ऑनलाइन." बॅगेतून दुसरा काढला.
"थांब, बदलतो मी," म्हणालो.
"नको. पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही ना? तुमचाच नियम."
"अगं, चूक झाली माझी."
"गणिताच्या पुस्तकाच्या वेळीही चूकच झाली होती. दसरा झाला की लगेच पेपर होता, मी विसरले होते. किती रडले मी. दिलंत?"
नव्हतं दिलं. हे मी साफ विसरलो होतो. माझ्या आठवणीत ती हुंदडतच होती.
साडेनवाला बसली, अजून उठलेली नाही. खिचडी गार.

शनि., संध्याकाळ
टीव्हीवर एक जुना काळापांढरा लावला. या सिनेमाला हिला घेऊन गेलो होतो, ते थिएटर पाडून आता तिथे टॉवर आहे. प्राजू शेजारी बसली, लॅपटॉप मांडीवर. नायिका मेली तेव्हा म्हणाली, "ही कोण?"
पुन्हा फोन. मी तिच्या हातातून घेतला. "तिचा बाप बोलतोय. पोरगी चक्कर येऊन पडते, कळतं का तुम्हाला?" आणखीही बोललो, लिहिण्यासारखं नाही.
पलीकडून शांतपणे, "अंकल, मीपण सकाळपासून बसलोय. माझी मुलगीही बोलत नाहीये माझ्याशी. फक्त दहा मिनिटं द्या."
अंकल! भांडायलाही माणूस धड मिळत नाही.
प्राजू पांढरी पडली. "पुन्हा असं केलंत ना, तर मी शनि-रवि येणारच नाही. ठाण्यालाच काम करत बसेन." दार आपटलं. आमच्या घरात दार आपटायची पद्धत नाही. मीही माझं आपटलं.

रवि. ९
सकाळी सातला उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या, लॅपटॉप पुसला. फटीत गेलेली हळद निघत नाही. तिच्यापुढे नेऊन ठेवला. गेम लावून दिलान् तिने, पण "पाच मिनिटं, बाबा."
साडेबारापर्यंत पाच मिनिटं.
एकटाच वल्हं मारत बसलो. होडी गोल, गोल, गोल. रागाने कविता म्हणायला लागलो, मोठ्याने, टेबलावर मूठ आपटत. तिसऱ्या कडव्याला अडलो. साठ वर्षांत पहिल्यांदा. आतून आवाज आला, पुढची ओळ. मीटिंग चालू असताना! बाहेर आली, दुसरं वल्हं धरलं. नऊ मिनिटं सरळ गेलो. घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या.
फोन.
चारला गेली. जाताना नीट बोलली नाही. डबा विसरली.

मंगळ. ११
फोन नाही. मीही केला नाही. राग कोणावर आहे तेच धड ठरत नाही. साहेबावर धरावा, तर त्याची मुलगी आठवते. तिच्या बापाचाही लॅपटॉप कोणी पाटावर बसवायला हवा होता का, असा खुळचट विचार. खिचडी अजून फ्रिजमध्ये. टाकवत नाही.

गुरु. १३
दुपारी प्राजू. आवाज ओढलेला.
"या वेळी शनिवारी येतेय."
"ये. पूजाबिजा काही करत नाही मी."
"करा की. फक्त तुम्ही उचलू नका. काय ठेवायचं ते मी ठेवीन." मग पलीकडून कोणीतरी हाक मारली. ठेवला.
कुठला ठेवणार, विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, धीर झाला नाही.
फुलवालीला जास्वंद सांगून आलो. पाट घासूनपुसून उन्हात ठेवलाय. लहानच आहे. दोन मावत नाहीत.